टिक त्या वस्तूपाशी उभं राहून

कॅम्पर घेऊन निघणं म्हणजे घर गाडीला जोडून निघणं. आमच्याकडे आहे तो ट्रॅव्हल ट्रेलर. त्याला स्वतःचं इंजिन नाही. पुढे पिकअप ट्रक आणि मागे चाकांवरचं हे खोलीएवढं घर. आत गॅसची शेगडी, फ्रिज, बाथरूम, चौघांना आडवं होता येईल एवढी जागा. घरात जे बिघडू शकतं ते सगळं यात बिघडू शकतं, गाडीत जे बिघडू शकतं तेही, आणि घर व गाडी जिथे एकमेकांना जोडलेली असतात तिथली दुखणी आणखी वेगळी. इथे कोलोरॅडोत डोंगरातला मोसम मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतच. त्या तेवढ्या दिवसांत शुक्रवारचं ऑफिस आटोपून अंधाराच्या आत निघायचं, तर सगळ्यांचीच धांदल असते आणि प्रत्येकाला वाटतं की अमुक गोष्ट दुसऱ्याने बघितली असेल.

म्हणून आमच्याकडे फोनवर एक यादी आहे. नवरा, मी आणि लेक, तिघांच्याही फोनवर तीच. मला या यादीबद्दल मनापासून काही सांगायचंय, कारण लोक तिला विसरभोळ्यांची काठी समजतात. माझ्या मते तिचं काम निराळं आहे. घर हलवायचं म्हटलं की कुणातरी एकाच माणसाच्या डोक्यात सगळं असतं: कुठली खिडकी नीट लागत नाही, कुठला नळ गळतो, डबे कुठल्या फळीवर ठेवले की पडत नाहीत. लहानपणी गावाला जाताना ते डोकं आईचं असायचं, आणि एसटी सुटेपर्यंत तिच्या चेहऱ्यावर ते दिसायचं. यादी ते ओझं एका डोक्यातून काढून सगळ्यांच्या हातात देते.

आता जोडणीचंच घ्या. ट्रकच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, आमचा दोन पूर्णांक पाच सोळांश इंच व्यासाचा. ट्रेलरच्या तोंडाशी त्याच्यावर बसणारी लोखंडी वाटी असते, तिला कपलर म्हणतात. ट्रक मागे घेत घेत गोळा वाटीच्या बरोबर खाली आणायचा, जॅक फिरवून वाटी खाली उतरवायची, खिट्टी लावायची, तिच्यात पिन घालायची. वरून बघितलं तर झालं काम. पण वाटी गोळ्यावर नुसती टेकलेली असली तरी वरून अगदी तशीच दिसते. खिट्टीही कधी कधी लागल्यासारखी वाटते. म्हणून यानंतरची ओळ अशी आहे: जॅक पुन्हा उलटा फिरवून ट्रेलरचं तोंड वर उचलायचं आणि ट्रककडे बघायचं. ट्रकची मागची बाजू ट्रेलरबरोबर वर आली, म्हणजे पकड बसली. वाटी एकटीच वर आली, तर पहिल्यापासून सुरुवात. आपण दाराला कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघतो ना, तसंच हे.

मग दोन साखळ्या. त्या तोंडाखाली एकमेकींना छेद देऊन अडकवायच्या. चालत्या गाडीत वाटी निसटलीच तर ट्रेलरचं तोंड रस्त्यावर न आपटता त्या फुलीवर पडतं. मग एक बारीक वायर. ती ट्रकला बांधलेली असते आणि तिचं दुसरं टोक ट्रेलरवरच्या एका छोट्या पिनेत असतं. ट्रेलर सुटून मागे राहिला की वायर ताणली जाऊन पिन उपसते आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर स्वतःचे ब्रेक लावतो. मग सात पिनांचा प्लग, ज्यातून दिवे आणि ब्रेक चालतात. हे सगळं झाल्यावर, आणि सगळं झाल्यावरच, चाकांखालचे चॉक, म्हणजे चाकं घरंगळू नयेत म्हणून लावलेले ठोकळे, काढायचे. ट्रक पाच-सहा फूट पुढे घेऊन हाताने ट्रेलरचे ब्रेक लावून बघायचे. मुक्कामी पोहोचल्यावर क्रम नेमका उलटा: काहीही सोडण्याआधी चॉक.

इथे क्रम हाच यादीचा अर्धा जीव आहे. तेच दहा शब्द क्रम बदलून लिहिले, तर उतारावर उभा असलेला ट्रेलर कुणाच्या तरी अंगावर येऊ शकतो.

विमानवाले यातून कधीच गेलेत. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतल्या डेटनजवळ, राइट फील्डवर, बोइंगचं मॉडेल २९९ हे चार इंजिनांचं नवं विमान चाचणीसाठी उडालं आणि थोडं वर चढून कोसळलं. विमान चालवत होते मेजर प्लॉयर हिल, लष्कराच्या अव्वल चाचणी वैमानिकांपैकी एक. जमिनीवर उभ्या विमानाचे शेपटाकडचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेला लॉक उडण्याआधी काढायचा राहिला होता. हिल आणि बोइंगचे वैमानिक लेस्ली टॉवर, दोघेही त्यात गेले. विमानात दोष सापडला नाही आणि वैमानिकाच्या कौशल्याबद्दल तर प्रश्नच नव्हता. त्यावर लष्करी वैमानिकांनी काढलेला तोडगा म्हणजे उड्डाणाआधी वाचायची छोटी यादी. तेच विमान पुढे बी-१७ म्हणून दुसऱ्या महायुद्धात हजारोंनी उडालं. जाणत्या माणसाला यादी कशाला, असं कुणी म्हणालं की मला हिल आठवतात.

दुसरं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं. ऑपरेशन थिएटरमध्ये वापरायची १९ कलमांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये जाहीर केली. ते काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं ते बॉस्टनचे सर्जन अतुल गवांदे. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून बघितली. २००९ मध्ये निकाल छापून आला: शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. मला त्या यादीत सर्वांत आवडतो तो तिचा बांधा. तिच्यात तीन थांबे आहेत. भूल देण्याआधी एक, पहिला छेद घेण्याआधी एक, आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्याआधी एक. प्रत्येक थांब्याला हातातलं काम बाजूला ठेवून सगळ्यांनी मोठ्याने बोलायचं.

हे वाचल्यावर मी आमची यादी मोडून पुन्हा बांधली. आधी ती विषयवार होती: पाणी, वीज, गॅस, चाकं. कागदावर सुबक दिसायची, पण वापरताना माणूस सारखा आतबाहेर करायचा. आता ती जागेवार आहे. ट्रेलरच्या आत दारापासून मागच्या पलंगापर्यंत एक भाग. मग बाहेर येऊन तोंडापासून डावीकडून एक पूर्ण प्रदक्षिणा, तो दुसरा भाग. जोडणी हा तिसरा. आणि रस्त्यावरचा पहिला थांबा हा चौथा. आत उभं राहिलं की फक्त आतल्या ओळी समोर येतात: छतावरच्या खिडक्या बंद, फ्रिजच्या दाराची कडी, स्लाइड, म्हणजे भिंतीबाहेर सरकणारा खोलीचा भाग, आत घेताना वाटेत काही पडलेलं नाही ना. बाहेर: सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, छत्रीसारखा उघडणारा ऑनिंग गुंडाळून लॉक, अँटेना खाली, पायरी वर, चारही कोपऱ्यांतले आधाराचे पाय वर, वीजेची केबल आणि सांडपाण्याचा पाइप काढलेला.

आणि एक नियम, ज्याच्यावर मी अडून बसते. टिक करायची ती त्या वस्तूपाशी उभं राहून, शक्यतो तिला हात लावून. ट्रकमध्ये बसून, "हो, केलंय मी ते," म्हणत भराभर दहा टिका मारायच्या नाहीत. फोनवरच्या यादीचा धोका हाच आहे, बोट फार चटकन चालतं. कागदावर पेन्सिल टेकवायला जो क्षण लागायचा तोही इथे लागत नाही. टिकांवर रंगीत फुलं उडवणारी आणि शाबासकी देणारी अॅप्स मला म्हणूनच नको वाटतात. ती माणसाला यादी संपवायची घाई लावतात.

तरीही मी कागदाकडे परत जाणार नाही, आणि त्याला कारणं आहेत. पहिलं, यादी सुधारता येते ती अक्कल येते त्या क्षणी. एका मुक्कामात शेजारचं कुटुंब निघालं. सगळे हात हलवून निरोप घेत होते आणि त्यांच्या ट्रेलरची वीजेची केबल खांबालाच लागलेली होती. आमच्या लेकीने पळत जाऊन ट्रक थांबवला. तेव्हा आमच्या यादीत केबलची ओळ होतीच, पण त्या संध्याकाळी शेकोटीपाशी बसून तिने एक नवी ओळ शेवटी घातली: "एकाने खाली उतरून, ट्रेलर दहा फूट पुढे गेल्यावर, मोकळ्या जागेकडे बघणे." ट्रेलर होता तिथे काय राहिलंय ते बघायचं. चॉक, पायपुसणं, चपलांचा जोड, पाण्याचा फिल्टर, सगळं या एका ओळीत सापडतं.

दुसरं कारण तारखांचं. ट्रेलरची बरीचशी तब्येत निघायच्या दिवशी बघून कळत नाही. त्याचे टायर झिजून कमी आणि वयाने जास्त मरतात. वर नक्षी कोरी दिसते आणि आतून रबर वाळलेलं असतं. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे असतात त्यात आठवडा आणि वर्ष असतं. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायरांच्या त्या आकड्यांचे फोटो यादीत त्या त्या ओळीला जोडलेले आहेत. गॅसगळती ओळखणाऱ्या यंत्राचीही मुदत असते, तिची तारीख आहे. छताच्या सांध्यांवरचं सीलंट वर्षातून दोनदा शिडी लावून बघायचं, तेव्हा फोन आठवण करतो. हे कागदाने कसं केलं असतं?

एक मात्र आधीच बघून घ्यावं. डोंगरात गेल्यावर फोनला रेंज नसते. ढगातल्या कुठल्यातरी सर्व्हरवर असलेली यादी तिथे उघडलीच नाही तर उपयोग काय? यादी फोनमध्येच उतरलेली हवी. आणि रेंज नसताना एकाने केलेली टिक दुसऱ्याच्या फोनवर दिसत नाही, म्हणून भाग माणसांत वाटून घेतलेले बरे. आमच्यात आतलं माझ्याकडे, जोडणी नवऱ्याकडे, प्रदक्षिणा लेकीकडे. प्रत्येकाने आपला भाग संपल्यावर तोंडाने सांगायचं. यादी फोनवर आली तरी हे तोंडाने सांगणं सोडू नये असं मला ठामपणे वाटतं.

चौथा भाग, पहिल्या थांब्याचा, अण्णांनी दिलाय. माझे वडील एसटीत चालक होते. उन्हाळ्यात ते आमच्याकडे येतात. ते पहिल्यांदा आमच्याबरोबर निघाले तेव्हा नवरा गेजने टायरची हवा बघत होता आणि अण्णा हातोडीच्या दांड्याने एकेका टायरवर ठोका मारून कान देत होते.

"अण्णा, गेज आहे की आपल्याकडे," नवरा म्हणाला.

"असू द्या ना. गेज आकडा सांगतं. तुम्ही आकडा लिहा, मी ऐकतो."

डेन्व्हरहून २८५ नंबरच्या हायवेने दक्षिणेला, ग्रेट सँड ड्यून्स या राष्ट्रीय उद्यानाकडे चाललो होतो. बेली गाव आलं की आम्ही चहाला थांबतो. त्यापुढे १० हजार फुटांवरच्या केनोशा खिंडीचा चढ लागतो. गाडी थांबल्याबरोबर अण्णा उतरले आणि ट्रेलरच्या चाकाच्या मध्यभागी, हबवर, तळहाताची मागची बाजू आधी जवळ नेली, मग टेकवली. एक चाक, दुसरं, वळसा घालून तिसरं, चौथं. मी विचारलं तर म्हणाले, "चारही सारखेच कोमट पाहिजेत. एखादं निराळं लागलं तर त्याला काहीतरी होतंय. बेअरिंग नाहीतर ब्रेक. ते चढ सुरू होण्याआधी कळलेलं बरं."

नवऱ्याने नंतर अंतरावरून तापमान मोजणारा थर्मामीटर घेतला. आता चार आकडे यादीत लिहिले जातात आणि मागच्या प्रवासातले चार शेजारी दिसतात. अण्णांना ते फार आवडलं. मागचे आकडे बघायला मिळणं ही चैन त्यांना नोकरीत कधी नव्हती. पण ओळीतले शब्द त्यांचेच ठेवलेत: "चारही सारखे आहेत का?" मला हा प्रश्न कुठल्याही ठरावीक आकड्यापेक्षा जास्त कामाचा वाटतो, कारण जुलैतल्या दुपारी आणि सप्टेंबरातल्या सकाळी आकडा वेगळा असणारच.

सँड ड्यून्सच्या पार्कातल्या कॅम्पग्राउंडवर ट्रेलरला वीज-पाण्याचं कनेक्शन मिळत नाही. म्हणून तिथे जाताना पाणी घरून भरून न्यायचं, आणि पाणी म्हणजे वजन. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या वर. चाळीस गॅलनची टाकी भरली की दीडशे किलो झाले. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार तोंडावर, म्हणजे ट्रकच्या गोळ्यावर यायला हवा. मागे वजन जास्त झालं तर हायवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि ते एकदा सुरू झालं की आवरणं कठीण. त्यामुळे सामान कुठे ठेवायचं हेही यादीत आलं. तांदूळ-पीठ, कॅन आणि पाण्याच्या बाटल्या चाकांच्या वर किंवा पुढे; मागच्या कपाटात फक्त अंथरूण-पांघरूण.

माझ्या भागात एक ओळ अशी आहे की ती इथल्या कुठल्याही तयार यादीत सापडणार नाही: "कुकर, रिंग, शिट्टी." तो कॅम्पग्राउंड अडीच हजार मीटरच्या आसपास आहे. एवढ्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं आणि उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासन्‌तास नुसती नाचत राहते. शिट्टी घरी राहिली तर वरण विसरायचं. समोर उत्तर अमेरिकेतले सर्वांत उंच वाळूचे डोंगर, साडेसातशे फुटांच्या घरातले, पायथ्याशी जूनमध्ये मेडानो ओढ्याचं घोटाभर बर्फाचं पाणी; दिवसभर त्यात खेळून आलेल्या माणसांना गरम वरणभात देता येणं ही माझ्या दृष्टीने सुरक्षिततेइतकीच महत्त्वाची बाब आहे, आणि म्हणून ती ओळ साखळ्यांच्या यादीत बसते.

उंचीवरून दुसरी उंची आठवली. ट्रेलरची छतावरच्या एसीसकट उंची किती हे चालवणाऱ्याला तोंडपाठ हवं. आमच्याकडे ती यादीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत आहे. आमच्या कोलोरॅडोतल्या आयझेनहॉवर बोगद्यात १३ फूट ११ इंचांची मोकळीक आहे, तिथे आमच्यासारख्यांना चिंता नाही. पण नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये एक रेल्वेपूल होता ११ फूट ८ इंचांचा. ट्रक आणि कॅम्परची छपरं सोलून काढण्याबद्दल तो इतका गाजला की शेवटी २०१९ मध्ये तो आठ इंच वर उचलला.

तयार याद्या मला फारशा पटत नाहीत, हेही सांगून टाकते. शंभर-सव्वाशे ओळींची यादी एखाद्या संध्याकाळी उत्साहाने उतरवून घेतली जाते. त्यात टूथब्रश आणि ब्रेक एकाच आकाराच्या अक्षरांत असतात. तिसऱ्या वेळेपासून माणूस ती वाचणं सोडतो. टूथब्रश वाटेत विकत मिळतो. आमच्याकडे सामानाची यादी वेगळी आहे आणि तिच्यावर कुणी फार बोलत नाही. निघायच्या यादीत तेच, जे चुकलं तर कुणाला इजा होईल, ट्रेलर मोडेल किंवा परत फिरावं लागेल. माझा कुकर तिसऱ्या वर्गात मोडतो असं मी घरात पटवून दिलंय.

सप्टेंबर संपत आला की वेगळीच यादी उघडते, हिवाळ्याची. इथे पाइपात राहिलेलं वाटीभर पाणीही गोठून फुगतं आणि जोड फोडतं, आणि ते कळतं थेट मे महिन्यात, नळ सोडल्यावर. म्हणून सगळ्या टाक्या रिकाम्या करायच्या, आधी संडासाची, मग सांडपाण्याची, म्हणजे दुसऱ्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. गरम पाण्याची टाकी थंड झाल्यावर रिकामी करून बायपास करायची, म्हणजे पाण्याच्या वाटेतून वगळायची, नाहीतर पुढे घालायचं अँटीफ्रीझ तीच पिऊन टाकते. मग गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे पाइपात गोठून ते फुटू न देणारं औषध, पंपाने सगळ्या पाइपांतून फिरवायचं. गुलाबीच; गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते हिरवं विषारी असतं, ते पिण्याच्या पाण्याच्या वाटेत चुकूनही जाता कामा नये. प्रत्येक नळ, थंड आणि गरम दोन्ही बाजूंनी, गुलाबी येईपर्यंत सोडायचा. बाहेरच्या शॉवरचा नळ बहुतेक लोक विसरतात. या यादीत मी प्रत्येक ओळीला फोटो मागते, गुलाबी धार दिसणारा. कुणावर अविश्वास म्हणून नव्हे. मे महिन्यात पाणी भरताना शंका आली तर बघायला काहीतरी हवं.

आता लेकीला शिकाऊ लायसन्स मिळालंय आणि यादीवर तिची मतं वाढलीत. आधाराच्या पायांची एकच ओळ तिला मान्य नाही. चार पाय आहेत, चार वेगवेगळ्या कोपऱ्यांत आहेत, मग एका टिकेत चार कसे, असा तिचा सवाल. नवऱ्याचं म्हणणं यादी लांबते. मी तिच्या बाजूने मत दिलं, कारण नियम माझाच आहे आणि चार कोपऱ्यांत एकाच वेळी कुणी उभं राहू शकत नाही. आता तिथे चार ओळी आहेत. प्रत्येक ओळ प्रदक्षिणेत त्या त्या कोपऱ्यावर येते. त्या बदल्यात तिने अँटेनाची ओळ काढून टाकायला सांगितली, कारण नवीन अँटेना बसकी आहे, वरखाली होतच नाही. तीही काढली.